चांदीचं छत, निळी साडी

लाल किल्ला मी किती वेळा पाहिला ते सांगता येणार नाही. खरं तर पाहिला असं म्हणवतच नाही. दाखवला. पाहणारे दुसरे असायचे.

दिल्लीत राहणाऱ्या मराठी घराला ही वेठ असतेच. महाराष्ट्रातून कुणी हरिद्वारला निघो, वैष्णोदेवीला निघो, नाही तर मुलाला परीक्षेला घेऊन येवो, आधी पोस्टकार्ड यायचं आणि त्यामागून होल्डॉल. आम्ही तेव्हा सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. दोन खोल्या आणि मागे एक व्हरांडा. बाबा एका मंत्रालयात कारकून होते. पाहुणे खोलीत झोपायचे, आम्ही व्हरांड्यात. सकाळी उठून पाहुण्यांना दिल्ली दाखवायची. लाल किल्ला, कुतुबमिनार, जमलं तर हुमायूनचा मकबरा, आणि परतीच्या वाटेवर करोल बागेत स्वेटर.

हे काम माझं आणि दादाचं. दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. एक खेप त्याची, एक माझी. आई स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या खुणांच्या शेजारी लिहून ठेवायची, ‘दा’ म्हणजे दादा आणि ‘धा’ म्हणजे धाकटी. भांडण नको म्हणून. तरी भांडण व्हायचंच, कारण दादाच्या खेपेला त्याचं डोकं दुखायचं, पाय मुरगळायचा, नाही तर कॉलेजात जादा तास असायचा.

मी मात्र पटाईत झाले. पाहुण्यांना काय हवं असतं ते मला पंधराव्या वर्षी कळलं होतं. सन नको असतो, बादशहाचं नावही नको असतं. बेगम कुठे आंघोळ करायची, तख्त नेमकं कुठल्या फरशीवर होतं, आणि भुयार कुठे निघतं, एवढं हवं असतं. भुयार सगळ्यांनाच हवं असतं. भुयार नाही म्हटलं तर माणसं हिरमुसतात. मग मी एका बंद दाराकडे बोट दाखवायची आणि म्हणायची, “हे थेट यमुनेपलीकडे निघतं म्हणतात.” म्हणतात एवढं म्हटलं की आपल्यावर काही येत नाही.

एकच जागा अवघड होती. दिवाण-ए-खास. तिथे उभा असलेला कुठलाही गाईड वर हात करून सांगतो, “यह छत पहले चाँदी की थी. मराठे उखाड़ के ले गए.” आपल्या पाहुण्यांतलं कुणी वर बघतं, कुणी चपलेकडे. एकदा जळगावचे एक गुरुजी गाईडशी भांडायलाच उठले होते. मी त्यांना बाजूला घेतलं. गाईड खोटं बोलत नव्हता. पानिपतच्या आधी आपली फौज दिल्लीत आली होती, शिपायांना द्यायला पैसा नव्हता, छताची चांदी काढून वितळवली. हे मला बाबांनी सांगितलं होतं आणि मी पाहुण्यांना सांगायची. कुणालाच आवडायचं नाही.

किल्ल्यात शिरल्या शिरल्या जो छत असलेला बाजार लागतो, तिथेच मी घासाघीस शिकले. पाहुण्यांना खोट्या मोत्यांच्या माळा हव्या असायच्या आणि हिंदीत बोलायची भीती वाटायची. मी बोलायची. तिथे मला एक गोष्ट समजली. आपली किंमत सांगायची, पाठ फिरवायची आणि चालू लागायचं. मागे बघायचं नाही. दुकानदाराकडे जागा असेल तर दहा पावलांच्या आत हाक मारतो. दहा पावलं झाली आणि हाक आली नाही, तर समजायचं की त्याने सांगितलेली किंमत खरी होती. या हिशेबावर मी पुढे सगळं आयुष्य काढलं.

आता त्या मंगळवारबद्दल.

मला एका सरकारी खात्यातून मुलाखतीचं पत्र आलं होतं. मी बी.ए. झाले होते, टायपिंगची परीक्षा पास होते, लेखी परीक्षेतही पास झाले होते. मुलाखत अकरा वाजता होती. आईने तिची निळी साडी काढून दिली. रेशमी नव्हती, पण तिच्याकडे होती त्यात ती चांगली. आदल्या रात्री मी ती गादीखाली घालून ठेवली, घडी नीट बसावी म्हणून.

त्याच दिवशी बाबांच्या साहेबांच्या सासुरवाडीची सात माणसं दिल्ली बघणार होती. साहेबांनी बाबांना सांगितलं होतं आणि बाबांनी मान डोलावली होती. कॅलेंडरवर ‘दा’ लिहिलेलं होतं. मी स्वतः पाहिलं होतं.

सकाळी आठला मी साडी नेसून तयार होते आणि दादा पोट धरून पडला होता. साडेआठला सात माणसं दारात. बाबा ऑफिसला गेलेले. आई एकदा दादाकडे बघायची, एकदा माझ्याकडे. मग म्हणाली, “तू यांना किल्ल्याच्या दारापर्यंत सोड, आत घाल, आणि तशीच मुलाखतीला जा. बसने अर्धा तास.”

सात माणसांना दारात सोडून जाता येतं का? त्यात एक आजीबाई होत्या, त्यांना गुडघ्यांचा त्रास. त्या माझा हात सोडेनात. “बाळ, तू गेलीस तर आम्ही हरवू,” असं त्या दर पाच मिनिटांनी म्हणायच्या. मी त्यांना दिवाण-ए-आम दाखवला, रंगमहाल दाखवला, महालांतून पाणी खेळवणारा कोरडा पाट दाखवला. दिवाण-ए-खासमध्ये गाईडने चांदीचं सांगितलं तेव्हा त्यांच्यातल्या एका काकांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, “वाजले किती? साडेअकरा. चहा मिळेल का गं इथे?”

मी वर बघत उभी होते. छत लाकडी आहे, रंगवलेलं. त्यावर मला काही दिसत नव्हतं.

संध्याकाळी घरी आले. दादा बरा झाला होता; आई म्हणाली, डॉक्टरकडे जाऊन आला. दुसऱ्या दिवशी कपडे धुताना त्याच्या शर्टाच्या खिशात तिकिटाचा तुकडा सापडला. कोटल्याच्या मैदानावर टेस्ट मॅच चालू होती, त्या मंगळवारचं तिकीट. आईला दाखवलं. तिने तो तुकडा हातात घेतला, चुलीकडे गेली आणि परत आली तेव्हा हात रिकामा होता. म्हणाली, “बाबांना कळलं तर त्याला चामड्याच्या पट्ट्याने फोडतील. त्याची परीक्षा आहे पुढच्या महिन्यात. तू गप्प राहा.”

बाबांनी विचारलंच, मुलाखतीचं काय झालं. आईने सांगितलं, “गेलीच नाही. पाहुण्यांबरोबर किल्ल्यात रमली.” बाबांना आधी राग आला. मग ते हसले. कदाचित साहेब खूश झाले होते म्हणून हसले असतील. म्हणाले, “नोकरीपेक्षा हिला बादशहा प्यारा.”

झालं. त्या दिवसापासून हे घराण्यात सुरू झालं. प्रत्येक लग्नात, मुंजीत, बारशात. “हिची मुलाखत होती, आणि ही बाई चांगली निळी साडी नेसून, नटूनथटून, लाल किल्ल्यात!” साडी हा पुरावा. रमायला गेली नसती तर नटली कशाला असती? लोक हसायचे. मीही हसायची. नव्या सुना आल्या की त्यांना सांगायचे, मग त्यांच्या मुलांना. वर्ष संपलं तेव्हा कॅलेंडर रद्दीत गेलं होतं आणि तिकीट चुलीत. माझ्या बाजूने काही उरलंच नव्हतं.

दादाला त्या परीक्षेतून नोकरी लागली. पुढे त्याची बदली पुण्यात झाली आणि तो तिथलाच झाला.

मी दिल्लीतच राहिले. लग्न केलं, नवऱ्याची नोकरी सुटली, तेव्हा पानिपतला जाऊन चादरी आणल्या आणि कॉलनीत दारोदार विकल्या. मग करोल बागेत एका गल्लीत आधी अर्धं दुकान, मग पूर्ण. चादरी, रजया, ब्लँकेट. दर आठवड्याला पहाटेची गाडी पकडून पानिपत. तिथले ठोक व्यापारी लालाजी मला पहिल्या दिवसापासून डिवचायचे, “बहनजी, मराठे तो पानिपत में हार गए थे. आप फिर आ गईं?”

मी म्हणायची, “तब रसद ख़त्म हो गई थी, लालाजी. आज मैं डब्बा साथ लाई हूँ. शाम तक बैठूँगी.”

आणि बसायची. माझं डोकं लवकर तापतं, हे सगळा बाजार जाणतो. एकदा गठ्ठ्यात वर चांगला आणि आत डागाळलेला माल घातला होता, तेव्हा मी तो गठ्ठा रस्त्यावर उलटा केला होता. पण लालाजींनी मला कधी नाही म्हटलं नाही. आज गाझियाबादला माझा तीन खोल्यांचा फ्लॅट आहे आणि तो ब्लँकेटांवर उभा आहे. कुणी दिला नाही. नवरा गेल्यावरही दुकान मीच चालवते. गुडघे गेले, दोन जिने चढले की धाप लागते, पण चालवते.

एवढं सगळं केलं, तरी घराण्यात मी अजून ती किल्ल्यात रमलेलीच.

गेल्या हिवाळ्यात दादा दिल्लीला आला. वहिनी गेल्यापासून तो एकटा असतो, आणि त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची, गुडगावात नोकरी करते. तिने त्याला महिनाभर बोलावून घेतलं. निवृत्तीनंतर पुण्यात काही माणसांना इतिहास होतो, जसा इतरांना मधुमेह होतो. दादाला तोच झालाय. ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर तो मराठ्यांच्या उत्तरेतल्या मोहिमांवर बोलतो. नकाशे काढतो. पहिल्याच फोनवर म्हणाला, “यंदा मला लाल किल्ला नीट बघायचाय. तू चल. तुझ्याशिवाय किल्ला काय!” आणि हसला.

तेच लग्नामुंजीतलं हसणं. इतकी वर्षं झाली, तरी बोचतं.

मी म्हटलं, “किल्ला मी दाखवते. पण नंतर कोटला तू दाखवायचास.”

“कोटला? तिथे काय आहे?”

“ते तुलाच ठाऊक.”

मग म्हणाला, “बरं, बघू.”

मला एकच हवं होतं. ती निळी साडी मुलाखतीसाठी होती, हे त्याने सांगावं. ते सुद्धा भाचीसमोर, कारण ही गोष्ट आता तिच्याकडून पुढे जाणार होती. बाबा नाहीत, आई नाही. खरं काय ते जाणणारा एकच माणूस उरला होता. तो सत्तरी ओलांडलेला, रोज सहा गोळ्या घेणारा.

गुरुवारी गेलो. गुरुवार मी मुद्दाम निवडला होता.

किल्ल्यात भाची फोन घेऊन पुढे-मागे फिरत होती. “बाबा, बोला ना, मी शूट करतेय. रियुनियनला दाखवायचंय सगळ्यांना.” उन्हाळ्यात पुण्यात सगळं घराणं जमणार होतं, त्यासाठी ती जुन्या आठवणींची फिल्म करत होती. दादा खूश होता. नव्या टोपीत, मफलर घालून, एक हात मागे आणि एका हातात काठी, असा चालत होता. चालताना डावा पाय ओढतो आता.

दिवाण-ए-खासच्या आत हल्ली जाऊ देत नाहीत. दोरी लावली आहे. बाहेरूनच वाकून बघावं लागतं. दादा तिथे थांबला आणि त्याने फोनकडे बघून पूर्ण व्याख्यान दिलं. छत कसं होतं, फौज किती उपाशी होती, रसद कशी तुटली. शेवटी म्हणाला, “आपले काही लोक हे नाकारतात. मी नाकारत नाही. चांदी काढली. गरज होती, काढली. इतिहासात लपवाछपवी नको. जे केलं ते केलं म्हणावं.”

“वा बाबा!” भाची म्हणाली.

“आणि याच जागी,” दादा माझ्याकडे वळला, “तुझी आत्या आपली नोकरी सोडून उभी होती. सांगू का गंमत? मुलाखतीचा दिवस, आणि ही निळी साडी नेसून, नटूनथटून...”

“दादा, बस्स.”

“अगं, आत्या, मला माहितेय ती स्टोरी,” भाची हसत होती. “पण कॅमेऱ्यावर हवी ना!”

“बंद कर तो फोन!”

मी इतक्या जोरात ओरडले की दोन शाळेच्या सहली गप्प झाल्या. सुरक्षारक्षक आला. “क्या हुआ, माताजी?” मी म्हटलं, “कुछ नहीं हुआ. पैंतालीस साल से कुछ नहीं हुआ.” तो बिचारा परत गेला. भाचीने फोन पर्समध्ये टाकला. तिचा चेहरा उतरला होता. मला तिचं वाईट वाटलं, पण मी तसं म्हटलं नाही.

बाहेर येऊन रिक्षा केली. रिक्षावाल्याने दीडशे सांगितले, मी ऐंशी. नेहमीसारखी चालायलाही लागले नाही, तिथेच उभी राहून त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो म्हणाला, “बैठो, माताजी, बैठो.”

कोटला म्हणजे लाल किल्ल्यापेक्षा फार जुना राजवाडा. एका सुलतानाचा. आता पडक्या भिंती, एक विहीर, एक मशीद, आणि उंच चौथऱ्यांवर उभा केलेला एक प्राचीन दगडी खांब, जो सुलतानाने लांबून नावेत घालून आणवला होता. पुढच्या बादशहांनी नवं शहर बांधलं तेव्हा या राजवाड्याचे दगड काढून नेले म्हणतात. दिल्लीत हे असंच आहे. भिंतीपलीकडे क्रिकेटचं मैदान. दिव्यांचे खांब राजवाड्यातून दिसतात.

गुरुवारी इथे, या पडक्या भिंतींत राहतात म्हणतात त्या जिनांकडे, अर्ज घेऊन माणसं येतात. ही कथा नाही, रीत आहे. मशिदीखाली अंधाऱ्या खोल्या आहेत, धुराने काळ्या झालेल्या. तिथे मेणबत्त्या, उदबत्त्या, आणि भिंतींतल्या कोनाड्यांत अर्जच अर्ज. वर नाव, पत्ता, फोटो चिकटवलेला. मुलाला नोकरी लागू दे. दिराने घर बळकावलंय, न्याय द्या. हिंदू, मुसलमान, सगळे येतात.

एक बाई एकाच अर्जाच्या तीन झेरॉक्स प्रती तीन कोनाड्यांत ठेवत होत्या. मी विचारलं, “तीन-तीन क्यों?”

“दफ़्तर है ना, बहनजी,” त्या म्हणाल्या. “एक काग़ज़ खो गया तो दूसरा तो पहुँचेगा.”

किल्ल्यातून निघाल्यापासून दादा पहिल्यांदाच हसला. “माझ्या टेबलावर पण अशाच तीन प्रती यायच्या.”

“आणि तू काय करायचास?”

“फाइलला लावायचो.”

“मग जिनही तेच करत असतील.”

भाची त्या खोल्यांमध्ये अर्ज वाचत राहिली. आम्ही दोघं वर आलो, मशिदीच्या पडक्या अंगणात. दादा एका दगडावर बसला. वर घारी फिरत होत्या. समोर मैदानाचे खांब.

मी म्हटलं, “दाखव आता.”

“काय दाखवू?”

“कुठल्या बाजूला बसला होतास?”

त्याने काठीने दाखवलं. “त्या कडेला. स्वस्तातलं तिकीट होतं.”

इतकी वर्षं मी या क्षणाची वाट बघत होते आणि तो असा आला, काठीच्या टोकाने. मला वाटलं होतं मी चिडेन. पण मी दमले होते. सकाळपासून उभी होते.

“हे तिला सांग,” मी म्हटलं. “फोनवर. जिथे ती गोष्ट सांगितलीस तिथेच ही पण जाऊ दे.”

“ते नाही जमणार.”

“का? सकाळी तर म्हणालास, जे केलं ते केलं म्हणावं. ते चांदीपुरतंच का?”

“मी माझं सांगेन गं. पोटात दुखत नव्हतं, मॅचला गेलो होतो, सांगेन. लाज वाटते, पण सांगेन. पण मग लोक विचारतील, आईने ती किल्ल्यात रमली असं का सांगितलं. आईने खोटं सांगितलं, हे सगळ्या घराण्यासमोर पडद्यावर दाखवायचं? ती गेल्यावर?” त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. “तिने मला शपथ घातली होती. तुला गप्प बसवलं त्याच दिवशी.”

हे मला माहीत नव्हतं.

“ती शपथ तुझ्या फायद्याची होती,” मी म्हटलं.

“हो.”

“मग मोड.”

“नाही मोडणार. तुला एकटीला हवं ते म्हणतो. इथे, आत्ता. फोनवर नाही.”

ही त्याची किंमत. मी माझी सांगितली होती. मला दुसरं काही येत नाही. मी पाठ फिरवली आणि चालू लागले.

एक, दोन, तीन. फरशीचे दगड उंचसखल आहेत, जपून चालावं लागतं. चार, पाच. दादाच्या अंगात हट्ट नाही, तो लहानपणापासून शेवटी वाकतो, हे मला माहीत होतं. सहा. तो बोलावेल. सात, आठ. खालून उदबत्तीचा वास येत होता. नऊ.

दहा.

हाक आली नाही.

मी मागे वळून बघितलं. आयुष्यात कुठल्याही दुकानात मी मागे वळून बघितलेलं नाही. तो तसाच बसला होता, टोपी मांडीवर, मैदानाकडे बघत. डोक्यावर चार केस, ते वाऱ्याने उभे राहिले होते. तो रुसला नव्हता, अडून बसला नव्हता. त्याच्याजवळ खरंच याहून जास्त नव्हतं.

मी परत गेले आणि त्याच्या शेजारच्या दगडावर बसले.

“म्हण,” मी म्हटलं.

“काय म्हणू?”

“साडीचं.”

त्याने माझ्याकडे बघितलं. “निळी साडी तू मुलाखतीसाठी नेसली होतीस. आदल्या रात्री गादीखाली घडी घालून ठेवली होतीस. मी जागा होतो, मी पाहिलं होतं. सकाळी पोट धरून पडलो तेव्हा मला माहीत होतं. सगळं माहीत होतं.”

गादीचं मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. आईलाही नाही.

मग मी विचारलं, “मॅच कोण जिंकलं?”

“ड्रॉ झाली. त्या दिवशी तर काहीच झालं नाही. दिवसभर नुसती टुकुटुकु. चहानंतर मला झोप लागली.”

“एवढ्यासाठी?”

“एवढ्यासाठी.”

मला हसू आलं. त्यालाही आलं. हसताना तो खोकला, मी त्याच्या पाठीवर थाप मारली, वाजवीपेक्षा जरा जोरातच. मग भाची वर आली, डोळे लाल झालेले, धुराने की अर्जांनी कोण जाणे. “काय चाललंय तुमचं? आत्या, तू अजून रागावलीयस का?”

“नाही गं. बाबांना उठव, खाली पायरी उंच आहे.”

तिने एक हात धरला, मी दुसरा. मघाशी आपली किंमत न सोडणारा तो आता आम्हा दोघींवर पूर्ण भार टाकून उतरत होता.

उन्हाळ्यात पुण्यात फिल्म दाखवली. मी गेले नाही, दुकान होतं. भाचीने ती मला फोनवर पाठवली. तिने किल्ल्यातला तो भाग अर्धा ठेवलाय. दादा “ही निळी साडी नेसून...” एवढं म्हणतो आणि मग एकदम यमुनेकडची भिंत येते. माझं ओरडणं तिने काढून टाकलं. बाकीचं सगळ्यांना पाठ आहे, तेव्हा हसणाऱ्यांनी हसून घेतलं असणार. राग गेला का? गेला नाही. जुना झाला. रजईतला कापूस दबतो तसा दबला. उन्हात घातला तर परत फुगेल.

पाहुणे अजून येतात. आता होल्डॉल नसतो, चाकाची बॅग असते, आणि दोन दिवसांच्या वर कुणी राहत नाही. माझ्याने आता लाल किल्लाभर चालवत नाही. पण कोटला लहान आहे, बसायला दगड आहेत. परवा नाशिकहून माझ्या नणंदेची सून आली होती. तिला विहीर दाखवली, खांब दाखवला, जिनांचे अर्ज दाखवले. तिने विचारलं, “इथे भुयार आहे का हो?”

“नाही,” मी म्हटलं. “पण त्या भिंतीपलीकडे माझा भाऊ मॅच बघत होता.”

“आणि तुम्ही?”

“मी किल्ल्यात होते. सात माणसं होती बरोबर.”

तिने भिंतीचा फोटो काढला.